उद्यापासून सहा ते दहा

चिकटवायला डिंक नव्हता, म्हणून
वायरमन युनूसभाईनं गिरणीच्या दारावर खडूनंच लिहिलं:
उद्यापासून सकाळी सहा ते दहा, दुपारी तीन ते सात.
खाली बारीक अक्षरात, बदल होऊ शकतो.
लिहिलं आणि माझ्याकडं न बघताच निघाला,
जसं काही वीज त्याच्या शर्टाच्या खिशात आहे
आणि मी मागून घेईन.

दुपार कलायच्या आत ओट्यावर डब्यांची रांग.
पत्र्याचे, रंगाच्या बादल्या, एक तर कुकरच, झाकणाविना.
"पंधरा दिवसांचं दळून ठेव माय."
"ज्वारीचं पीठ आठ दिवसांत कडू पडतंय, सरसाबाई."
"पडू दे. अंधारात कुणाला दिसायलंय?"

मी आधी दगडाला टाकी दिली,
पट्ट्याला राळ लावली.
मोटर सासऱ्याच्या नावाची, पाटीवर नावही त्यांचंच,
पण तापली की कण्हते माझ्यापाशी.
पाच मोजेपर्यंत हात टेकला तर चालू द्यायची,
तीनलाच उचलावा लागला तर थांबवायची, एवढं तिचं नि माझं ठरलेलं.
उपासाची भगर आधी, मग गहू, मग ज्वारी, डाळी शेवटी.
हळकुंडं घेऊन आलेल्याला परत धाडलं.
वसमतात राहून हळदीला नाही म्हणायचं
म्हणजे जिवावर येतं, पण आज नाही.

बाया उभ्या उभ्या उद्याची तजवीज सांगत होत्या.
कुणी हंडे भरले, कुणी शेजारणीची टाकीसुद्धा.
प्रज्ञाशीलची आई म्हणाली, पोराला दिवसा निजवते,
रात्री अभ्यासाला उठवते,
आता वेळापत्रक कंपनीचं, शाळेचं नाही.
नसीमाआपानं शिलाई मशीनची मोटर काढून
पायाचा पट्टा पुन्हा चढवला होता.
"गुडघे विचारायलेत, कामून गं, कामून?"

दहानंतर घरोघर गेल्या सगळ्या.
मी, ट्यूब, आणि आवाज.
ट्यूब लुकलुकली की हॉपरमधला ओघ कमी करायचा,
दाब वाढला की सोडायचा.
पापण्यांवर पीठ. चहात पीठ.
दोनदा मोटर थांबवून ओट्यावर बसले,
तेव्हा कळलं, मी मोठ्यानं बोलत होते, एकटीच.

पावणेसहाला एक डबा उरला. चिठ्ठी नाही.
कडीच्या जागी निळ्या वायरचा पीळ.
म्हणजे युनूसभाईच्या घरचा.
सांजेला तो चौथा होता रांगेत, मी पाहिलं होतं.
खडूची अक्षरं वाचून
एकेकीनं पायानं तो मागं सारला,
आणि मी तेही पाहिलं होतं.
गिऱ्हाइकाला काय बोलावं, म्हणून नाही बोलले.

ज्वारी ओतली. फोन लावला.
"दहा मिनिटं उशिरा घाला ना."
"कुणाचं दळण आहे?"
सांगितलं.
पलीकडं सबस्टेशनचा घूं घूं आवाज, बराच वेळ.
"वरून आदेश आहे, द्वारकाताई.
सहा म्हणजे सहा."

पट्टा थोडा फिरला, आपल्या सवयीनं.
दगडानं शेवटी जे दिलं ते पीठ नव्हतं, भरड होती,
नंतर नुसती अर्धीमुर्धी कणी,
मग काहीच नाही.
गल्लीत कुणाचा तरी खोकला एवढा जवळ ऐकू आला
की मी वळून बघितलं.

पीठ खाली, वर कागद, कागदावर भरड.
निळी वायर होती तशी पिळली.
दळणाचे पैसे अर्धेच लिहिले, मग तेही खोडले.

सांजेला त्यांची धाकटी पोरगी वाटी घेऊन आली,
एका हातानं वाटी, एका हातानं भिंत चाचपत.
कण्या. ताकातल्या. वर लसणाची फोडणी.
"अम्मी म्हणाली, गरम आहेत तोवर खा."
सात वाजायला अजून अवकाश होता.
मी ओट्यावरच बसून खाल्ल्या.
मीठ जरा जास्त झालं होतं.